मोनूचा डावा कान

सौंदड,
८ डिसेंबर २०२५

हिमांशू,

आजही तू बाहेर आला नाहीस. भंडाऱ्याच्या तुरुंगात मुलाखतीच्या खिडकीशी दीड तास उभी होते. शेवटी शिपाई म्हणाला, "बाई, पोरगा नाही म्हणतो. माय आली तर येईन म्हणे." तुझ्यासाठी आणलेले दोन बनियन आणि टूथपेस्ट त्याच्याकडे देऊन आले. परतीच्या गाडीला साकोलीपर्यंत जागा मिळाली नाही.

म्हणून आता लिहिते. भेटायला नाही म्हणता येतं, पत्र निदान हातात तरी पडतं. तुझ्याआधी तिथले साहेब ते उघडून वाचतील. वाचू देत. अक्षर लागलं नाही तर कोणाकडून वाचून घे. चौतीस वर्षं लसीकरणाची रजिस्टरं भरून हात असा झाला आहे.

तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मी तिथंच होते, भज्यांच्या दुकानापाशी. भर दुपारी सगळ्या गावासमोर तू मोनूला मागून धरून पाडलंस. तो पडल्यावरही दुकानाचा बांबू उपसून त्याच्या डोक्यावर, कानावर मारत राहिलास. चार माणसं लागली तुला ओढायला. पोलिसांनी विचारलं तेव्हा पाहिलं तेवढं मी सांगितलं. गाडीत बसताना तू ओरडलास, "सिस्टर, तुमी तं माह्या बाजूच्या होत्या ना!"

होते. अजून आहे. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलंच नाही, असं कसं सांगू?

जुलै २०२३ मध्ये संस्थेच्या अल्का मॅडमनं तुझा कागद माझ्या हाती दिला, तेव्हा तुला सोळावंही पूर्ण नव्हतं. देवरीजवळ उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढताना तिघं सापडले, त्यात तू सगळ्यांत लहान. बाल न्याय मंडळानं घरी सोडलं, पण संस्थेचा एक सोबती दर आठवड्याला भेटेल अशी अट घातली. सोबती म्हणजे बिनपगारी काम. गावातल्याच कोणा मोठ्या माणसानं पोराशी बोलायचं, त्याला कामाला लावायचं, तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही एवढं पाहायचं. मी नुकतीच रिटायर झाले होते. घरात एकटी. मला वाटलं, ज्याला पोलिओचे थेंब पाजले त्याच पोराला भेटायचं, त्यात काय अवघड?

वीस महिने दर गुरुवारी भेटलो आपण. पहिले दोन महिने तू फक्त नखं खात बसायचास. मग शालीकरामच्या दुकानात मोटार रिवाइंडिंग शिकायला लागलास. शालीकराम मला रस्त्यात थांबवून म्हणायचा, "पोट्ट्याचा हात बसला, सिस्टर. माह्यापेक्षा साफ तार भरते." आणि मग यंदाच्या मार्चमध्ये उन्हाळी धानाला पाणी चालू असताना शेतांतल्या पाच मोटारी चोरीला गेल्या. त्या तूच काढल्या होत्यास. त्याबद्दल आज नाही लिहीत.

तुझी आई बरी आहे. शाळेत खिचडी शिजवायला रोज जाते. तू आत गेल्यापासून ती मोनूच्या घरासमोरून जात नाही, तलावाकडून फेरा घेऊन जाते. तीन घरं सोडून घर, पण फेरा घेते.

तुझ्या वकिलानं विचारलं होतं, जमानत कोण राहील. मी माझं नाव दिलं. तू ते नको म्हणालास, असं कळलं. पुन्हा विचार कर.

सुलोचना बोरकर


सौंदड,
२९ डिसेंबर २०२५

हिमांशू,

तुझं उत्तर नाही. बरं.

मोनूला घेऊन गुरुवारी गोंदियाला गेले होते, कान तपासायला. त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि म्हणाले, आवाज आला की बोट वर कर. उजव्या कानाला पटापट बोट वर करत होता. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा तो नुसता बसून राहिला. मी काचेबाहेरून पाहत होते. त्याला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. तो माझ्याकडे पाहून हसला.

डॉक्टर म्हणाले, डावा कान जवळपास गेला. तोल जातो तेही त्यामुळंच. तो कमी होईल, वेळ लागेल. पण राईस मिलमध्ये थप्पीवर चढून पोती लावायचं काम आता त्याला देणार नाहीत. मुकादमानं स्पष्ट सांगितलं, "वरून पडला तं मले कोन सोडन?"

त्याच्या कानात पू होतो अजून. सकाळ-संध्याकाळ मी जाऊन औषध टाकते. त्याच्या आईनं टाकलं असतं, पण जमुनाबाईच्या हाताला कंप आहे, तिला थेंब मोजता येत नाहीत.

परवा औषध टाकताना जमुनाबाईनं विचारलं, "सिस्टर, हे दोघं चड्डी घालत नव्हते तवापासूनचे संगी. त्यानं माह्या पोट्ट्याले काऊन मारलं, येवढं तरी सांगा."

मोनूच बोलला. "त्याले वाटते का मोटारी कुठं ठेवल्या ते मी पोलिसाले सांगतलं. मी नाई सांगतलं, सिस्टर. मालूम होतं, पन नाई सांगतलं. तुमी त्याले सांगा ना. तुमचं आयकते तो."

मी म्हटलं, सांगते. म्हणून लिहिते. मोनूनं सांगितलं नव्हतं. नहरापलीकडे झुडपात पाच मोटारी पडलेल्या, कोणाही गुराख्याला दिसल्या असत्या. कोणीतरी सांगितलं असेल. कोणी सांगितलं याला आता अर्थ नाही. मोनू नव्हता, एवढं डोक्यात घे.

थंडी वाढली आहे. आईजवळ चादर पाठवली आहे, ती माझी आहे असं समजून परत करू नकोस. तुझ्या आईनंच घेतली आहे.

सुलोचना बोरकर


सौंदड,
१९ जानेवारी २०२६

हिमांशू,

आज एक गोष्ट झाली म्हणून लगेच लिहायला बसले.

मोनूची बहीण आचल सहावीत आहे, तुला माहीत आहे. दुपारी मी तिच्या घरी गेले तर पोरगी चुलीपाशी बसून शिळा भात खात होती. मी विचारलं, आज शाळेत खिचडी नव्हती का? जमुनाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग आचलनंच सांगितलं. तुझी आई वाढते तेव्हा तिच्या ताटाशी आली की पळी पुढच्या पोराच्या ताटात जाते. आठ दिवसांपासून. बाईंना सांगितलं का, म्हटलं तर म्हणे, "नाई. रुख्मिणीकाकूले बोलनं बसन."

पोरगी आठ दिवस रिकामं ताट घेऊन रांगेतून परत येत होती आणि स्वतःच ते धुऊन ठेवत होती.

मी तिथून उठले ती सरळ तुझ्या आईकडे गेले. ती भांडी घासत होती. म्हटलं, रुख्मिणी, लेकराच्या ताटाशी कायचं भांडण? ती वर न पाहता म्हणाली, "त्याहीनं माह्या पोराले जेलात टाकलं. आधी मोटारीसाठी, मंग कानासाठी. मी त्याहीच्या पोरीले वाढू?"

मला तिथं उभं राहवेना. घरी आले. पत्राचा कागद काढला आणि ठेवून दिला. पुन्हा काढला. आता दिवा लावायची वेळ झाली आहे.

हिमांशू, मोनूनं सांगितलं नाही. गुराख्यानंही नाही. मी सांगितलं.

तू मोटारींचं मोनूला आणि मला, दोघांनाच बोलला होतास. मला म्हणालास, "दोन दिवस द्या सिस्टर, मी जिथल्या तिथं ठेवून देतो, कोनाले समजनार नाई." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले होते. त्यांनी मला विचारलं. मी जन्मभर सरकारी नोकरी केलेली बाई, विचारल्यावर खोटं कसं बोलणार होते? पाच घरांचे धान वाळत होते. दोन दिवसांत रोपं करपली असती. आणि तुझ्याही भल्याचंच होतं. तू सतराचा होतास, अठराच्या आत सापडलास तर निरीक्षणगृहात जाशील, थोडक्यात सुटशील. वर्षभरानं पुन्हा असंच करून सापडला असतास तर मोठ्यांच्या जेलात. हा सगळा विचार करून मी सांगितलं.

सहा आठवड्यांनी तू घरी आलास. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. ते राहिलं.

तुझ्या आईला आणि मोनूला मी सांगणार आहे. थोडा वेळ दे.

सुलोचना बोरकर


सौंदड,
८ फेब्रुवारी २०२६

हिमांशू,

वीस दिवस गेले. रोज दोनदा मोनूच्या कानात औषध टाकायला जात होते आणि रोज दोनदा न सांगता परत येत होते. आज सांगितलं.

रविवार होता. मोनू अंगणात खाटेवर बसला होता, जमुनाबाई तांदूळ निवडत होती. मी त्याच्या शेजारी बसले. औषध टाकून झालं, कापसाचा बोळा लावला आणि हळूच म्हटलं, "मोनू, मोटारींचं पोलिसाला मी सांगितलं होतं."

तो तसाच समोर पाहत राहिला. मला वाटलं, राग आला. मग लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आहे, आणि त्यात कानात बोळा. त्यानं मान वळवून विचारलं, "काय म्हनलं?"

एकदा सांगणंच जड गेलं होतं. दुसऱ्यांदा मला मोठ्यानं सांगावं लागलं. किती मोठ्यानं ते मलाही कळलं नाही. गल्लीतल्या हातपंपाचा आवाज थांबला. तुझी आई पाण्याचा गुंड भरत होती. जमुनाबाईच्या घरासमोरून ती जात नाही, पण पाणी तर तिथूनच न्यावं लागतं. ती हात तसेच ओले घेऊन दारात आली. एवढ्या महिन्यांनी त्या अंगणात.

"काय म्हनलं तुमी, सिस्टर?"

तिला तिसऱ्यांदा सांगितलं.

ती दारातच खाली बसली. शिवी देईल, अंगावर येईल असं वाटत होतं. काहीच नाही. ओले हात पदराला पुसत राहिली. जमुनाबाईनं सुपातले तांदूळ पुन्हा पोत्यात ओतले, निवडलेले आणि न निवडलेले एकत्र.

मोनूनं मात्र विचारलं. "त्यानं मले मारन्याच्या आधी तुमाले इचारलं होतं का? कोनं सांगतलं मनून?"

"विचारलं होतं."

"कवा?"

"मे महिन्यात. सुटून आला त्याच आठवड्यात."

"मंग तुमी काय म्हनलं?"

"माहीत नाही म्हटलं."

त्यानं माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अन् येवढे दिवस तुमी माह्या कानात दवा टाकून राहिल्या."



"आता नका येऊ," तो म्हणाला. "आचल टाकन."

मी बाटली खाटेवर ठेवली आणि आले. तुझ्या आईच्या बाजूनंच दारातून बाहेर पडावं लागलं. तिनं पाय आवरून मला वाट दिली, पण वर पाहिलं नाही.

आता तुला लिहायचं ते. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातलं बरंच खरं नाही. खोटं असं नाही, पण ते मी नंतर जुळवलेलं आहे. अंगणात मोनूसमोर बसल्यावर मला ते एकही कारण तोंडातून काढता आलं नाही, तेव्हा समजलं.

हवालदारानं मला विचारलं नव्हतं. तो बीपी तपासायला आला होता, नेहमी येतो तसा. त्याच्या दंडाला पट्टा बांधत होते. तो उन्हाबद्दल बोलत होता, सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होता. मोटारींचं नावही त्यानं काढलं नव्हतं. फुगा दाबता दाबता मीच म्हटलं, "नहरापलीकडे झुडपात पाहून घ्या." एवढंच. त्याचं बीपी किती होतं तेही मला आठवतं, एकशे चाळीस-नव्वद.

वाळणारे धान, अठरा वर्षं, कायदा, यातलं त्या वेळी डोक्यात काही नव्हतं. मी थकले होते, हिमांशू. तुझ्यापासून थकले होते. आदल्या संध्याकाळी तू दोन दिवस मागितलेस आणि मी हो म्हणून घरी आले, तेव्हा मला दिसायला लागलं की आता पुन्हा मंडळ, पुन्हा अल्का मॅडमचे फॉर्म, पुन्हा शालीकरामचे पाय धरणं, पुन्हा तुझ्या आईचे दिवसाला चार फोन, आणि पुन्हा गुरुवार. माझी बहीण दोन वर्षांपासून केशोरीला बोलावत होती, महिनाभर राहायला ये म्हणून. मला जायचं होतं. कोणाच्याही लेकराची काळजी न करता झोपायचं होतं.

तुला गाडीतून नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केशोरीला गेले. पहिल्या सकाळी साडेआठपर्यंत झोपले. उठल्यावर मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात तू विचारलंस तेव्हा मी हेच लपवलं. पोलिसाला सांगितल्याची लाज नव्हती, बरं वाटल्याची होती. आणि त्या एका 'माहीत नाही'वर मोनूचा कान गेला.

दुपारी अल्का मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ताई, थकले म्हणून एक फोन करायचा होता. आम्ही दुसरा सोबती दिला असता." इतकं सोपं होतं ते. मला सुचलंच नाही. मला वाटायचं, एकदा हाती घेतलेलं पोर सोडलं तर लोक काय म्हणतील.

संस्थेच्या यादीतून माझं नाव काढायला सांगितलं आहे.

सुलोचना बोरकर


भंडारा,
२० फेब्रुवारी

सिस्टर,

तुमची चारी पत्रं भेटली. पहिले दोन वाचून ठेवून देले. तिसरं वाचून फाडलं. चवथं फाडाले घेतलं होतं पन नाई फाडलं. तीन दिवस वाचून राहिलो.

मी पन एक सांगतो. ते दोन दिवस मी मोटारी वापस ठेवाले नव्हते मांगतले. मी रायपूरले पळून जानार होतो, बाबा तिथं काम करते मनून. मोनूले म्हनलं होतं का मी गेल्यावर तू रातच्यान एक एक करून ठेवून दे. तो नाई म्हनला. म्हने, तू काढल्या तं तूच ठेव. मले राग आला. मनून पोलीस आले तवा पहिले त्याचंच नाव डोक्यात आलं. मंग मी दुसऱ्या कोनाचा इचारच नाई केला.

तुमी लिवता का तुमी थकल्या होत्या. सिस्टर, गुरुवार आला का मले पन कंटाळा ये. तुमी बोलत राहा अन् मी हो हो करत राहो. शालीकरामभाऊकडं मातर मले चांगलं वाटे. ते खरं होतं.

मे महिन्यात मी तुमाले इचारलं तं तुमी खाली पाहून बोलल्या. मी ते पाहलं होतं. मले तवाच समजाले पाहिजे होतं. थोडंसं समजलं बी होतं. पन तुमच्यावर हात कसा उचलू? मोनूवर उचलता येत होता. त्याची माय मोठ्यानं बोलत नाई, त्याचा बाप नाई, तो वापस मारत नाई. मनून त्याले धरलं.

मोनूले आपन दोघानं मारलं. बांबू माह्या हातात होता.

माय आली होती. तिनं खिचडीचं नव्हतं सांगतलं, ते तुमच्याच पत्रात होतं. मी तिले म्हनलं, आचलले वाढलं नाई तं मी मुलाखतीले येनार नाई. ती रडली. वाढते म्हने.

नऊ मार्चले सडक अर्जुनीले तारीख हाय. मी मारलं मनून जजले सांगून देतो. वकील म्हनते थांब. मी थांबत नाई.

हिमांशू उ. मेंढे


सौंदड,
११ मार्च २०२६

हिमांशू,

परवा कोर्टात तू मला पाहिलंस की नाही ते माहीत नाही. मी मागच्या बाकावर होते. तू जजसाहेबांना म्हणालास, "मीच मारलं, त्याची काई गलती नव्हती." साहेबांनी तुला दोनदा विचारलं, कोणाच्या दबावानं बोलतोस का, समजून बोलतोस का. तू दोन्ही वेळा तेच सांगितलंस. वकील कपाळाला हात लावून बसले होते. नंतर मला म्हणाले, "पोरगं सरळ बोललं, त्याचा विचार होईल, पण शिक्षा तर होणारच. निकाल पुढच्या महिन्यात." किती होईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तुला खोटी आशा लावायला माझ्याजवळ काहीच नाही.

बाहेर व्हरांड्यात मोनू तुझ्याकडे निघाला. तुझ्याबरोबरचा पोलीस मध्ये आला, मोनू त्याला काहीतरी बोलला, तो बाजूला झाला. मोनू उजवा कान तुझ्याकडे करून उभा राहिला आणि म्हणाला, "बोल." एवढं मला ऐकू आलं. पुढचं नाही. मी पायरीवरच थांबले. तुम्ही काय बोललात ते तुमचं आहे, मला लिहू नकोस.

परत येताना गाडीत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. मोनू आधी उभा राहिला, मग फाट्याच्या वळणावर तोल गेला तेव्हा बसला. खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "रडला नाई तो, बरं झालं. रडला असता तं मले बी रडा लागलं असतं."

सौंदड आल्यावर उतरताना म्हणाला, "तुमच्या बाजूले बसलो मनून माफ केलं असं नाई हं, सिस्टर. गाडीच भरली होती."

मी म्हटलं, समजलं.

तो आता मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवतो. बसून करायचं काम आहे, तोल जाण्याची भीती नाही. अर्धा दिवसच बोलावतात. कानातला पू थांबला. ऐकू येणार नाही ते नाहीच.

तुझी आई आचलला वाढते. इतकं वाढते की पोरगी वैतागली आहे. काल रस्त्यात भेटली तर म्हणाली, "सिस्टर, रुख्मिणीकाकूले सांगा ना, दोन पळ्या नको म्हना, माह्यानं संपत नाई." मी म्हटलं, तूच सांग. जमुनाबाई आणि तुझी आई अजून बोलत नाहीत. पण तलावाचा फेरा बंद झाला आहे. तुझी आई समोरून जाते, मान खाली घालून, लवकर लवकर. माझ्याशी ती बोलत नाही. बोलेल असं मी धरून चाललेले नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू रायपूरला पळणार होतास हे वाचून क्षणभर मला हलकं वाटलं. मग वाटलं, ते मला आज कळलं. त्या सकाळी पट्टा बांधताना कुठं माहीत होतं? तेव्हा तू खरंच ठेवणार आहेस असंच मी धरलं होतं, आणि तरी सांगितलं. तेव्हा माझ्या वाट्याचं माझ्याकडेच राहू दे. तू तुझं उचललंस, तेवढं पुरे.

शालीकरामला मी विचारलं नाही, तो स्वतःच दुकानातून बाहेर आला. म्हणाला, "सिस्टर, सुटल्यावर त्याले इकडं पाठवजा. पन मी दुकानाची चाबी देनार नाई." मी त्याचा निरोप जसा आहे तसा लिहिला आहे. त्यात काही घालत नाही, काढत नाही.

आता माझं. मी सोबती नाही राहिले, तुझी नाही, कोणाचीच नाही. अल्का मॅडम म्हणाल्या, हिमांशू आता अठराच्या वर आहे, संस्थेचं त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. तुम्हालाही जाण्याचं बंधन नाही. त्या बरोबर बोलतात. दर आठवड्याला भंडारा माझ्यानं होणार नाही. गुडघे तर आहेतच, पण मला तितकं यावंसंही वाटत नाही. हे लिहून टाकते.

दोन महिन्यांतून एकदा येईन. एप्रिल सोडून, कारण एप्रिलमध्ये मी केशोरीला जाणार आहे, बहिणीकडे, पंधरा दिवस. मेच्या पहिल्या सोमवारी येईन. तू भेटलास तर बसू, नाही भेटलास तर परत जाईन. तिथं आल्यावर तुला उपदेश करणार नाही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. हो हो मात्र करू नकोस.

आणि पुढं कधी मला दोन महिन्यांतून एकदाही यावंसं वाटलं नाही, तर तब्येतीचं कारण सांगणार नाही. थकले, म्हणून लिहीन, आणि ते आधी तुलाच लिहीन. याहून मोठं काही बोलत नाही. एवढं जमेल असं वाटतं.

सुलोचना बोरकर